हद्दीचा देव

आमच्या धाकट्या दिरांचा पाय चिखलात पडला नाही असा एकही दिवस परमेश्वराने पंचांगात घातलेला नाही. लोकांचे दीर बँकेत असतात, पोस्टात असतात, कुणाचे दुबईत असतात. आमचे दीर दलदलीत असतात, असं मी सांगायची आणि समोरच्या बाईला वाटायचं, ही थट्टा करतेय. अहो, थट्टा कसली! पाणथळ जमीन कुठे संपते आणि घर बांधण्यालायक कोरडी जमीन कुठे सुरू होते, ती रेघ शोधून तिथे खुणा रोवायच्या, हा त्यांचा धंदा. ती रेघ जमिनीवर कुणीही काढून ठेवलेली नसते. ती मातीच्या रंगात असते, गवताच्या जातीत असते, भरतीने आणून टाकलेल्या काड्याकचऱ्यात असते, आणि आमच्या भाऊजींच्या मते ती ज्याला दिसत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत. मी लग्न होऊन सानपाड्याच्या दोन खोल्यांत आले तेव्हा उंबरठ्यावरच्या मापाशेजारी त्यांचे गमबूट ठेवलेले होते. मी माप लवंडलं आणि गमबूटही लवंडले. त्यातून खाडीचं पाणी वाहत थेट सासूबाईंच्या नव्या पातळापर्यंत गेलं. घरात सगळे हाय हाय करत असताना हा माणूस खाली वाकून म्हणाला, "वहिनी, बघा, फरशीला उतार आहे तो स्वयंपाकघराकडे." नव्या नवरीला दिराने ऐकवलेलं हे पहिलं वाक्य.

आमच्या फ्रिजवर माझा हक्क होता असं मला कधी आठवत नाही. वरच्या कप्प्यात दूध, मधल्या कप्प्यात भाऊजींची माती, खालच्या कप्प्यात भाजी आणि भाजीखाली पुन्हा माती. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असायची, पण फ्रिजच्या ओलीने ती गळून पडायची. एकदा सकाळी कारखान्यात जायच्या घाईत आमच्या ह्यांनी त्यातला एक डबा काढला, नाचणीचं सत्त्व समजून त्यात दूध घातलं, साखर घातली आणि ढवळायला लागले. रंगाने अगदी तस्संच दिसत होतं हो! चमचा तोंडाशी जाणार तेवढ्यात भाऊजी बाथरूममधून टॉवेलवर धावत आले आणि ओरडले, "दादा, थांब! नमुना बिघडला!" सख्ख्या भावाच्या पोटाचं काय होणार, ते ह्या गृहस्थाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ह्यांनी रागाने डबा आपटला, तर भाऊजी हळहळत म्हणाले, "पावणे गावच्या नाल्याकडची माती होती. पुन्हा अशी मिळायची नाही." ह्यांनी त्या दिवसापासून नाचणी सोडली.

खाडीकाठी ओहोटीला चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात, रिक्षावाले शिव्या घालतात. आमचे भाऊजी डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायचे आणि "वा!" म्हणायचे. "वहिनी, हा वास म्हणजे जमीन जिवंत असल्याची खूण." मी म्हणायची, "असेल बाई जिवंत, पण आंघोळ केलेली दिसत नाही."

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम मातीच्या रंगांचा पंखा असे. रंगाच्या दुकानात भिंतीला कुठला रंग द्यायचा ते निवडायला कार्डं असतात ना, तसाच, फक्त ह्यात सगळे मातीचे रंग, तपकिरीच्या आणि राखाडीच्या शंभर तऱ्हा. मातीचं ढेकूळ फोडून त्या कार्डाशेजारी धरायचं आणि रंग जुळवायचा. माती बराच काळ पाण्याखाली राहिली की ती राखाडी पडते आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके उठतात, हे मला आता झोपेतही सांगता येईल. पण तो पंखा मातीपुरता राहीना. माझा चहा त्याच्याशी जुळवला जाई, बेसनाचे लाडू जुळवले जात. सासूबाईंनी मोठ्या खटपटीने त्यांच्यासाठी एक मुलगी पाहिली, खारघरची, कॉलेजात शिकवणारी, छान हसरी मुलगी. पोहे आले, चहा आला, सगळं कसं गोडीत चाललेलं. एवढ्यात भाऊजींनी खिशातून पंखा काढला, मुलीच्या साडीच्या पदराजवळ धरला आणि आनंदाने सगळ्यांना सांगितलं, "बरोब्बर जुळला! बारा महिने पाण्याखाली असलेल्या गाळाचा रंग!" त्यांच्या लेखी ह्याहून मोठी स्तुती जगात नव्हती. मुलीकडून निरोप आला नाही. सासूबाईंनी पुन्हा मुलगी पाहिली नाही, आणि भाऊजी आमच्या हॉलमधल्या दिवाणावर कायमचे स्थायिक झाले.

घरातही त्यांना हद्दी दिसत. बाथरूमबाहेरची फरशी कुठवर ओली होते तिथे त्यांनी लाल फीत चिकटवली होती. जिन्यात टाकी गळायची, तर दोन कुंड्यांत काठ्या खोचून त्यांना झेंडे लावून ठेवलेले. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, "कसली निवडणूक आहे का हो?" मी डोक्याला हात लावला. पण खरं सांगू? आमच्याकडे सबंध पावसाळ्यात कुणी घसरून पडलं नाही, आणि बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्याही घरी हे म्हणायची सोय नव्हती.

तर अशा ह्या आमच्या भाऊजींकडे एक दिवस आमच्याच घराची हद्द काढायचं काम आलं.

झालं असं, की आमच्या ह्यांच्या कारखान्यातल्या मंडळींनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली आणि खारघरच्या पलीकडे, खाडीच्या एका फाट्याला लागून, जमिनीचा एक तुकडा घेतला. नकाशा काढायच्या आधी पाणथळ कुठवर आहे ते कळायला हवं, कारण त्यावर बांधता येत नाही. आणि घरचाच माणूस त्यातला जाणकार! संस्थेचे अध्यक्ष गायकवाड स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सायबा, तुमच्या हातानेच होऊन जाऊ द्या. म्हंजे टेन्शन नाय." माझं म्हणाल तर माझा जीव त्या नकाशातल्या एकाच कोपऱ्यात अडकला होता. खाडीकडचा तळमजल्यावरचा फ्लॅट. मला गुडघ्यांमुळे जिने नको होते. त्याला पुढे चार पावलांचं अंगण होतं, तिथे मी लिंबू लावणार होते, कढीपत्ता लावणार होते, उन्हात पापड घालणार होते. आणि त्याला एक जास्तीची खोली होती. ती भाऊजींची. पन्नाशी उलटलेला माणूस आयुष्यभर दिवाणावर झोपला, पाहुणे आले की उशी उचलून गॅलरीत गेला, त्याला स्वतःचं दार असलेली खोली मिळणार होती. मी सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे लाजले आणि म्हणाले, "फळी लावता येईल का हो भिंतीला? डबे ठेवायला?" मी म्हटलं, चार फळ्या लावा, पण माझा फ्रिज सोडा.

भर उन्हाळ्यात त्यांनी काम सुरू केलं. हातभर खोल खड्डे खणायचे, आतली माती बघायची, रंग जुळवायचा, पुढे सरकायचं. मी डबा घेऊन जायची. शेवटचा खड्डा नेमका माझ्या कोपऱ्यातला होता. ते जेमतेम वीतभर खणून झाले होते आणि मी डबा उघडला. सुरमई होती, तव्यावरून काढून आणलेली. ह्या माणसाला चिखलाच्या खालोखाल काही प्रिय असेल तर सुरमई. वीतभर मातीत तांबडा मुरूम दिसत होता, कोरडा ठणठणीत. त्यांनी त्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, "ही कोरडीच आहे" म्हणाले आणि हात धुऊन जेवायला बसले. जेवण झाल्यावर तिथला एक मोठा दगड उभा रोवला आणि लांबून दिसावा म्हणून त्याला आमच्या गेटचा उरलेला ऑइलपेंट फासला. गेटचा रंग नारिंगी होता. पुढचं सगळं रामायण ह्या एका गोष्टीने घडलं.

अहो, आपल्या मुलखात उभा दगड नारिंगी रंगवून ठेवला तर काय होणार? शेजारच्या गावातली हिराआजी त्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला यायची. एक दिवस तिचा पाय रुतला, कमरेपर्यंत आत गेली, आणि हाताला तो दगड लागला म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तिने नारळ फोडला. मग कुणी हार घातला, कुणी उदबत्ती लावली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली. आठवड्याभरात डोक्यावर पत्र्याचं छप्पर आलं आणि घंटासुद्धा आली. संस्थेच्या ग्रुपवर फोटो पडला तो पाहून भाऊजी कपाळावर हात मारून म्हणाले, "वहिनी, तो माझा दगड आहे! रंगाचा डबा अजून आपल्या गॅलरीत आहे!" मी म्हटलं, "हळू बोला. तो डबा पण पळवतील."

पावसाळा लागला आणि भाऊजी एका सकाळी साइटवरून आले ते चेहरा पाडून. चहा घेईनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, देवाच्या मागे निवटी बसली होती." निवटी म्हणजे चिखलात उड्या मारत चालणारा तो बटबटीत डोळ्यांचा मासा. ती असते तिथे भरतीचं पाणी येतंच येतं. "कोरड्या बाजूला बसली होती. माझ्याकडे बघत होती." मग त्यांनी तिथेच हातभर खणून पाहिलं. वर कुणीतरी कधीकाळी आणून टाकलेला वीतभर मुरूम, आणि त्याखाली राखाडी चिखल, तांबूस ठिपक्यांसकट. खाडी दगडाशी संपत नव्हती. आमच्या अख्ख्या कोपऱ्याखालून जाऊन पार पलीकडे संपत होती. "मी चुकलो," ते म्हणाले. "सुरमईने घात केला."

मला कळायला वेळ लागला नाही. माझं अंगण गेलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमची खोली जातेय, समजतंय ना तुम्हाला?" ते गमबुटांकडे बघत म्हणाले, "मला समजतंय हो. पण भरतीला ते समजत नाही ना." मी रागाने उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

संस्थेची सभा भरली. भाऊजींनी उभं राहून सगळं सरळ सांगितलं, निवटीसकट. हद्दीचा दगड मागे घ्यायला हवा, इमारत त्या बाजूने छाटायला हवी, काही फ्लॅट वर चढवायला लागतील. आणि काय सांगू, त्या क्षणी सबंध संस्था भाविक झाली! ज्यांनी जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती ते म्हणू लागले, देवाने स्वतःची जागा स्वतः निवडली आहे, ती हलवायची म्हणजे कोप. गायकवाडांनी उभ्या आयुष्यात दगडाला हात जोडले नव्हते. तेही खाकरून म्हणाले, "मी आपला दगडाबिगडाला मानत नाय. पण हा दगड विचारी दिसतो. त्याला डिस्टर्ब करू नये." भाऊजी कळवळून म्हणाले, "अहो, तो ऑइलपेंट आहे!" कुणी ऐकेना. माझ्या मनातही देवाने तिथेच राहावं असं होतं, का खोटं बोलू?

गावातून हिराआजी आली ती कमरेला हात लावून. "देव हाय तो माजा. मना चिखलातून वर कारला त्यानी. कोन हलवतो बगू!" भाऊजी तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि समजावू लागले, की आजी, ह्याच्या मागे खाडीचं पाणी येतं, तिथे भराव पडला तर चिंबोऱ्या कुठे जातील, निवट्या कुठे जातील? ही गोष्ट मात्र म्हातारीच्या डोक्यात शिरली. तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मी नाय सांगनार. तोच सांगंल. कौल लावू."

कौल आम्हा कुडाळकडच्यांना नवा नाही. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. ठरल्या दिवशी सगळी संस्था छत्र्या घेऊन चिखलात उभी. हिराआजीने जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवल्या आणि देवाला विचारलं, इथून हलशील का म्हणून. भाऊजींनी माझ्या कानाशी हळूच शास्त्र सांगितलं: "वहिनी, उजवी बाजू खाडीकडची, दमट. तिकडची पाकळी चिकटून राहणार. डावी बाजू कोरडी, ती आधी पडणार. म्हणजे नकारच." मी म्हटलं, मग तुम्ही हे होऊ कशाला देता? तर म्हणाले, "म्हातारीचा देव आहे. तिला विचारल्याशिवाय कसा उचलू?" आणि त्या माणसाने, ज्याने स्वतःच्या हाताने ब्रश फिरवून तो देव घडवला होता, चक्क डोळे मिटून हात जोडले. ते काय मागत होते ते मला ठाऊक होतं. बाकीची सगळी संस्था डाव्या पाकळीवर डोळे लावून बसली होती. मीही. लिंबू, कढीपत्ता, पापड, खोली, सगळं त्या डाव्या पाकळीला लटकलेलं.

उजवी पडली.

हिराआजीने टाळी वाजवली आणि ओरडली, "हो बोलला!" भाऊजींनी डोळे उघडले, पाकळी पाहिली, वाकून ती उचलली, उलटसुलट केली आणि अगदी गोंधळून मला म्हणाले, "वहिनी, हे असं व्हायला नको होतं." मला त्या रडवेल्या अवस्थेतही हसू फुटलं. जिंकलेला माणूस इतका हवालदिल झालेला मी कधी पाहिला नव्हता!

मग देवाची मिरवणूक निघाली. गावातून बेंजो आला, गुलाल आला. पुढे बांबूला लाल फीत बांधून वाट दाखवणारे आमचे भाऊजी, गुडघाभर चिखलात, मागे चार जणांच्या खांद्यावर देव, त्यामागे हिराआजी नाचतेय, आणि तिच्यामागे छत्री सावरत, चपला हातात घेऊन गायकवाड. खारघरच्या टॉवरमधली मंडळी गॅलऱ्यांतून व्हिडिओ काढत होती, त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार की ही पाणथळ जमिनीच्या सीमेची दुरुस्ती चालली आहे! नव्या जागी भाऊजींनी आधी हातभर खड्डा खणला, पुरता हातभर, आणि ढेकूळ फोडून पंख्याशी जुळवलं. बेंजो थांबला, सगळे श्वास रोखून उभे. "कोरडी," भाऊजी म्हणाले, आणि असा जल्लोष झाला की विचारू नका. त्या दिवशी मी डबा नेला नव्हता.

पुढे कितीतरी दिवस माझ्या फ्रिजच्या दोन्ही बाजूंना जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवलेल्या असत. भाऊजी स्टूल घेऊन समोर बसायचे, कुठली आधी पडते ते बघायला. उत्तर त्यांना मिळालं नाही.

इमारत झाली. आम्हाला तिसरा मजला मिळाला, दोनच खोल्या. लिफ्ट आहे म्हणून माझे गुडघे निभावतात. दिवाण पुन्हा हॉलमध्ये आला आणि त्यावर भाऊजी आले. आता त्यांचे डोळे गेले आहेत. काचबिंदू फार उशिरा कळला. मातीच्या शंभर तऱ्हा ओळखणाऱ्या माणसाला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पंखा अजून खिशात असतो. मी लाडू केले की तो पुढे करतात आणि विचारतात, "सांगा, कुठल्याशी जुळतो?" मी एकेक कार्ड लावून बघते आणि सांगते. मला रंग अगदी बरोबर जुळवता येतात असं ते म्हणतात, आणि त्यांनी कुणाची खोटी स्तुती केल्याचं मला आठवत नाही.

अमावास्येला, पौर्णिमेला खाडीला उधाण येतं. तेव्हा त्यांना चैन पडत नाही. मी हात धरून त्यांना गॅलरीत आणते. खाली पाणी चढत असतं, चकाकत, मुकाट, आणि ते दर खेपेला हळूहळू सरकत देवाच्या पायाशी येऊन थांबतं. एक बोटभरही पुढे जात नाही. गेल्या उधाणालाही आम्ही असेच उभे होतो. वारा सुटला होता, तो कुजका वास आला, भाऊजींनी छाती भरून घेतला आणि विचारलं, "वहिनी, कुठवर आलं?"

मी खाली वाकून पाहिलं. अंगणाच्या जागी पाणी होतं. लिंबाच्या जागी पाणी होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या खोलीत शिरलं हो पाणी!"

ते इतके खुदकन हसले की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. "बघा!" म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

मी हो म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले. ते त्यांना दिसलं नाही.